साडेतीन किलोमीटरची रंगीत तालीम

बस आगारात वेळापत्रकं लावायचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे 'मिनिट' म्हणत. कारण साधं होतं. अमुक बस कधी सुटते असं कोणी विचारलं, तर 'साडेनऊच्या सुमारास' असं उत्तर तो कधी देत नसे. नऊ सत्तावीस म्हणे, आणि बस नऊ सत्तावीसला सुटे. सुटली नाही तर चालकाला त्याच्या टेबलापाशी यावं लागे. तिथं आवाज न चढवता जे ऐकून घ्यावं लागे, त्यापेक्षा दंड परवडला, असं चालकांचं मत होतं.

त्याचं वय त्रेपन्न. लग्न त्यानं केलं नव्हतं, आणि आता कोणी विचारतही नव्हतं. दोन गल्ल्या सोडून थोरली बहीण राहायची. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं काम करायची. तिचे यजमान, म्हणजे भावोजी, वेल्डर होते. फाटकं, जिन्यांचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या असं काम करणारी त्यांची छोटी शेड होती. माणूस एकसष्टीला आला तरी हात अजून सुतात होता, आणि बोलणं मात्र वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखं, कुठं उडेल याचा नेम नाही.

दर रविवारी मिनिट ताईकडे जेवायला असे, आणि मोटारींच्या शर्यतींचा हंगाम असला की जेवणानंतर तो आणि भावोजी टीव्हीसमोर बसत. अठरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. भावोजी गाडीच्या आवाजावर बोलत: याचं इंजिन घसा बसल्यासारखं वाटतंय, हा दोन फेऱ्यांत बाहेर पडणार. मिनिट वहीत आकडे उतरवी: टायर बदलायला कोणाला किती सेकंद लागले. अंदाज कोणाचा खरा ठरतो यावरून दोघांची चांगली जुंपायची. ताई त्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून घेई.

एका रविवारी तिनं दार न लावता दारात उभं राहून सांगितलं, की अठरा वर्षं पडद्याला नाक लावून बसलात, एकदा खरी शर्यत बघून या, म्हणजे एक रविवार तरी मी पाय पसरून पडेन. बोलली ती थट्टेनं. पण मिनिटनं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या तारखा काढल्या. रेल्वेनं सहा तासांवरच्या शहरात ती होणार होती. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी, रविवारी शर्यत. हातात सात महिने होते.

मग तो कामाला लागला. ज्या माणसानं दोनशे बसगाड्यांना एकमेकींच्या वाटेत येऊ दिलं नाही, त्याला दोन माणसांना जागच्या जागी पोहोचवणं काय अवघड? पण त्यानं ते सोपं मानलं नाही. कागद चौदा पानांचा झाला. कुठल्या गाडीनं निघायचं, ती चुकली तर कुठली, राहायची खोली स्टेशनपासून किती पावलांवर, कानात घालायचे बोळे किती जोड, ऊन कुठल्या वेळी कुठल्या बाजूनं येतं. कुठं बसायचं यावरून मात्र महिनाभर घोडं अडलं. भावोजींना सरळ रस्त्यालगतची जागा हवी होती, जिथं गाड्या पूर्ण वेगात जातात. मिनिटला वळण हवं होतं, कारण माणसाची परीक्षा ब्रेक लावताना होते. शेवटी लांब सरळ रस्ता जिथं संपतो त्याच वळणावरची दोन तिकिटं काढली. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं.

नवव्या पानावर एक ओळ होती: बस थांबा ते स्टँड, साडेतीन किलोमीटर, पायी. शर्यतीच्या तिन्ही दिवशी आसपासचे रस्ते बंद असत. थांब्यापासून गेटपर्यंत दोन किलोमीटर तीनशे मीटर, आणि गेटच्या आत आणखी बाराशे मीटर. मिनिटनं त्यापुढे पन्नास मिनिटं लिहिली. लिहिलेलं तपासून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एका रविवारी सकाळी, आगाराचं आवार मोकळं असताना, त्यानं भावोजींना बोलावून घेतलं. आवाराची एक फेरी बरोबर सातशे मीटरची होती. पाच फेऱ्या घेतल्या की झाली रंगीत तालीम.

भावोजींनी आधी खूप थट्टा केली. आता जेवायचीही तालीम घेणार का, असं विचारलं. पहिली फेरी गप्पांत गेली. दुसऱ्या फेरीत ते बोलायचे थांबले. तिसऱ्या फेरीत, बसगाड्या धुवायच्या शेडपाशी, त्यांनी नळाच्या खांबाला हात लावला आणि तसेच उभे राहिले. पाणी प्यायचं असेल म्हणून मिनिट नळ सोडायला वाकला. वर पाहिलं तर भावोजींचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि डावा पाय जमिनीला टेकत नव्हता.

दोघं एका रिकाम्या बसच्या पायरीवर बसले. भावोजी हातावरचे जुने भाजल्याचे डाग बघत राहिले. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. खुब्याचा सांधा झिजून गेला होता. दीड वर्षापूर्वीच डॉक्टरनं शस्त्रक्रिया सांगितली होती. तारीखही मिळाली होती, आणि ती नेमकी शर्यतीच्या आधी तीन आठवडे येत होती. भावोजींनी फोन करून ती पुढे ढकलली होती. घरी तोंडातून ब्र काढला नव्हता.

"ताईला सांगायला हवं," मिनिट म्हणाला.

"सांगशील तर याद राख," भावोजी म्हणाले. "ती मला उद्याच्या उद्या टेबलावर झोपवेल. इतके महिने मी या शर्यतीसाठी दिवस मोजतोय."

मिनिटनं होकारार्थी मान हलवली. वेळापत्रकात त्यानं आजवर एक मिनिट खोटं लिहिलं नव्हतं. पण न लिहिणं हे खोटं लिहिण्यात धरायचं की नाही, याचा विचार करायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

त्यानं वाट शोधली. चालता न येणाऱ्यांसाठी शर्यतीच्या ठिकाणी चाकाच्या खुर्चीची सोय होती. एक अर्ज आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी एवढंच लागत होतं. अर्ज भरून तो भावोजींच्या शेडमध्ये गेला. भावोजींनी तो वाचला, त्याची नीट घडी घातली आणि परत दिला. उभ्या आयुष्यात लोखंड मी ढकललंय, म्हणाले, आता लोखंडावर बसवून मला कोणी ढकललेलं चालणार नाही. विषय संपला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच तोड काढली. पातळ पोलादी नळीची एक काठी करायची, तिच्या वरच्या टोकाला बिजागरीवर दुमडणारी बैठक लावायची. चालताना काठी, थकल्यावर उघडली की स्टूल. बैठकीला कॅनव्हासची पट्टी, खाली रबराचं बूड, उघडल्यावर फाकणारे दोन बारीक टेकू. रोज दुपारी हातातलं काम बाजूला सारून ते त्याच्या कामाला बसत. मिनिट आगारातून घरी जाताना डोकावे. जोड इतके साफ, की बोट फिरवलं तर शिवण लागत नव्हती. फाटकं आणि कठडे करून ज्यानं जन्म काढला, त्यानं असं नाजूक काम कुठं दडवून ठेवलं होतं, याचं त्याला नवल वाटलं.

त्याच आठवड्यात शर्यतीच्या आयोजकांची नियमांची यादी आली. सामान्य माणूस अशी यादी उघडत नाही, मिनिटनं ती दोनदा वाचली. चौदावा नियम असा, की धातूच्या चौकटीच्या खुर्च्या, स्टुलं आणि एक मीटरपेक्षा लांब काठ्या गेटच्या आत नेता येणार नाहीत. वैद्यकीय गरज असेल तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी.

तो यादी खिशात घालून शेडवर गेला. सांगायचं ठरवूनच गेला होता. भावोजी दारात त्या स्टुलावर बसले होते. नुकतंच पूर्ण झालं होतं. गेले काही महिने ते बोलताना सारखे पायाकडे बघत, तेवढ्यापुरतं ते थांबलं होतं. ते सांगत होते, की गाडी वळणाआधी गिअर उतरवते तेव्हा टीव्हीवर जो आवाज येतो तो धुतलेला असतो, खरा आवाज छातीत वाजत असणार. मग त्यांनी मिनिटलाही स्टुलावर बसवलं. मिनिट बसला. यादी खिशातच राहिली.

घरी जाताना त्यानं स्वतःची समजूत घातली, की गेटवर माणसंच असतात, बघू तिथं गेल्यावर. 'बघू तिथं गेल्यावर' हे शब्द कोण्या चालकानं त्याच्या टेबलापाशी उच्चारले असते, तर त्याची धडगत नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ताईनं त्याला दुकानात बोलावलं. ती भिंग उजेडात धरून बघत होती. मान वर न करता तिनं विचारलं, की त्यांचा पाय किती अंतर धरतो. ताई म्हणाली, इस्पितळातून फोन आला होता, तारीख बदलल्याची खात्री करायला. चार महिने झाले त्याला. ज्या बाईच्या नजरेतून काचेवरचा केसाएवढा ओरखडा सुटत नाही, तिला चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं लंगडणं दिसत नाही, असं तुम्ही दोघं कसं धरून चाललात?

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ते गेले नसते. आणि आयुष्यभर मला ऐकवलं असतं." तिनं भिंग फडक्यावर ठेवलं. "जाऊ दे त्यांना. मला माहीत आहे हे त्यांना कळता कामा नये. त्यांनी स्वतः सांगितलेलं मला हवंय."

मिनिट बाहेर पडला तेव्हा त्याच्याजवळ तीन गुपितं होती. ताईपासून लपवायचं होतं ते तिला आधीच ठाऊक निघालं. आता ते तिला ठाऊक आहे हे भावोजींपासून लपवायचं होतं, आणि चौदावा नियम तर होताच. चौदा पानी कागदात यातल्या एकालाही रकाना नव्हता.

प्रवास कागदाबरहुकूम झाला. खोलीही ठीक होती. खाली घरमालकीण राहायची. तिनं भावोजींची काठी पाहून ती कुठं मिळते असं विचारलं, आणि भावोजी फुशारून गेले. शुक्रवारी दोघांनी आराम केला. शनिवारी सकाळी बसमधून उतरून चालायला लागले. भावोजी दर तीन-चारशे मीटरवर काठी उघडून बसत, दोन मिनिटं दम घेत, पुन्हा निघत. सभोवती झेंडे, टोप्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. कुठूनतरी लांबून इंजिनाची घरघर येत होती, आणि ती आली की भावोजी मान तिरकी करत. बनवलेली वस्तू तिचं काम चोख करत होती. गेट आलं तेव्हा मिनिटच्या घड्याळात सात मिनिटं हातची शिल्लक होती.

गेटवर पिकल्या केसांची एक सुरक्षारक्षक बाई होती. तिनं काठी हातात घेतली, उघडली, मिटली, बिजागरीवर अंगठा फिरवला. कोणी केली विचारलं. भावोजींनी छातीवर हात ठेवला. बाईनं मनापासून मान डोलावली आणि मग सांगितलं, की ही आत नेता येणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर दाखवा. तिनं वरच्या साहेबालाही विचारून पाहिलं. साहेबानं फळ्यावरच्या चौदाव्या नियमाकडे बोट दाखवलं.

भावोजी फळ्याकडे बघत राहिले. मग मिनिटकडे वळले.

"हा नियम तुला माहीत होता?"

"होता."

"कधीपासून?"

"तुम्ही शेवटचा जोड दिला त्या आठवड्यापासून."

मागून रांग ढकलत होती. कोणीतरी पुढे चला म्हणालं.

"मग बोलला का नाहीस?"

"तोंड उघडलं नाही," मिनिट म्हणाला. "तुम्ही त्याच्यावर बसला होतात."

भावोजींनी काठी मिटली. बाईनं ती जमा खिडकीत ठेवायला घेतली आणि टोकन दिलं. टोकन त्यांनी मिनिटच्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकलं. पुढचे बाराशे मीटर त्यांनी मिनिटच्या खांद्यावर हात ठेवून काढले. हात जड होता. वाटेत ते कठड्याला टेकले, पाण्याच्या टाकीला टेकले, एका ठिकाणी सरळ गवतात बसले. एक शब्द बोलले नाहीत. सात मिनिटांची शिल्लक केव्हाच संपली होती. त्यानं घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

ते जागेवर पोहोचले तेव्हा पात्रता फेरी सुरू होऊन पाव तास झाला होता. अजून नीट टेकलेही नव्हते, तोच सरळ रस्त्याच्या टोकाला एक ठिपका दिसला, आणि ठिपक्याची गाडी होईपर्यंत ती समोर आलीसुद्धा. ब्रेक लागले, गिअर धडाधड उतरले, बाकाच्या फळ्या थरथरल्या. मिनिटनं कानात बोळे घातले. भावोजींनी घातले नाहीत. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या गाडीला भावोजी मिनिटच्या कानाशी वाकून ओरडले, की हिचं काहीतरी बिघडलंय, वरच्या गिअरला खरखर करते. ती गाडी पुढच्याच फेरीत हळू होऊन कडेला थांबली. भावोजींनी मिनिटच्या गुडघ्यावर थाप मारली. गेटनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं ते.

परतताना गेटवरची ती बाई त्यांची वाट बघत होती. तिनं सामान वाहायची एक बॅटरीवरची गाडी थांबवून ठेवली होती आणि चालकाला बस थांब्यापर्यंत सोडायला सांगितलं होतं. भावोजी नाही म्हणतील असं मिनिटला वाटलं. त्यांनी टोकन देऊन काठी सोडवली, मुकाट्यानं गाडीतल्या पाण्याच्या खोक्यांवर बसले, काठी मांडीवर आडवी घेतली, आणि थांबा येईपर्यंत डोळे मिटून राहिले.

रविवारी सकाळी त्यांना पलंगावरून उठता येईना. मिनिटनं डॉक्टरला बोलावू का विचारलं. नको म्हणाले, पडून राहिलं की उतरेल. घरमालकिणीनं खोलीत टीव्ही आहे याची आठवण करून दिली. मिनिट खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसला.

"तू इथं का बसलास?" भावोजींनी विचारलं.

"तुमच्याशिवाय जाऊन काय करू?"

"तिकिटं दोन आहेत, पण धड पाय एकाचेच आहेत. जा. नाहीतर माझ्यामुळं दोघांचं बुडलं म्हणून मला जन्मभर टोचत राहील."

मिनिट गेला. एकट्यानं साडेतीन किलोमीटर चालायला त्याला एकेचाळीस मिनिटं लागली. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यानं टोपी ठेवली. शर्यत सुरू झाली तेव्हा पहिल्या वळणावर वीस गाड्या एकदम आल्या, आणि त्या एकमेकींना न लागता कशा गेल्या हे त्याला डोळ्यांनी पाहूनही कळलं नाही. मात्र दहा-बारा फेऱ्यांनंतर त्याच्या लक्षात आलं, की इथून शर्यत दिसतच नाही. एकेका फेरीतला चार-पाच सेकंदांचा तुकडा दिसतो. समोरच्या मोठ्या पडद्यावर ऊन पडलं होतं. कोण पुढे, कोण मागे, काही पत्ता लागत नव्हता.

खिशात फोन थरथरला. भावोजींचा संदेश होता. एरवी ते दोन शब्दांच्या वर लिहीत नसत. निळी दुसरी, पिवळीनं टायर बदलले, तीन सेकंद लागले, वहीत घाल. मग दुसरा आला, मग तिसरा. मिनिटनं उत्तर पाठवलं: निळी आतल्या बाजूनं ब्रेक उशिरा लावते आहे, दर वेळी थोडा आणखी उशिरा. भावोजींनी लिहिलं, तिचा आवाज कसा आहे. मिनिटनं आयुष्यात कधी आवाजावर मत दिलं नव्हतं. त्यानं कानातले बोळे काढले, निळी गाडी येईपर्यंत थांबला, आणि मग लिहिलं: भरदार, पण शेवटी थोडा फाटतो. खोलीतून उत्तर आलं: मग टिकणार नाही.

निळी टिकली. तीच जिंकली. भावोजींचा अंदाज पार आपटला आणि मिनिटला त्याचं मनापासून बरं वाटलं.

सोमवारी परतीची गाडी दहा बावन्नची होती. फलाटावर बाक मिळालं. भावोजींनी पाय पुढे सरळ सोडला, थोडा वेळ रुळांकडे पाहिलं, आणि मिनिटला न विचारताच ताईला फोन लावला. त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांधा, दीड वर्ष, बदललेली तारीख, गेटवरची भानगड, कालचा दिवस पलंगावर गेला तेही. सांगताना ते अडखळत होते. मध्ये मध्ये थांबून पलीकडचं ऐकत, आणि पुन्हा सुरू होत. फोन खाली ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय म्हणाली?" मिनिटनं विचारलं.

"काही नाही. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, आकाशपाताळ एक करेल." त्यांना याचं जरा नवल वाटलेलं दिसलं. "बिचारीला काहीच कल्पना नव्हती रे."

मिनिटनं मान हलवली. गाडी सहा मिनिटं उशिरा आली.

शस्त्रक्रिया परतल्यापासून पाचव्या आठवड्यात झाली. इस्पितळानं दिलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुरू झालेली वेळ यात तासाभराचा फरक पडला, त्याबद्दल मिनिट तिथल्या बाईंशी दहा मिनिटं बोलून आला. भावोजी तिसऱ्या दिवशी उभे राहिले. दोन महिन्यांनी शेडमध्ये जाऊ लागले. आपल्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं हे ताईनं त्यांना कधी सांगितलं नाही, आणि मिनिटनंही नाही. बायकोला अंधारात ठेवल्याची खंत भावोजींना अधूनमधून वाटे. मग ते दुकान सुटायच्या वेळेला तिला आणायला जात, आणि ती भिंगं पुसून डब्यात ठेवेपर्यंत बाहेर उभे राहत.